दोन बैलांचे पाटे

गाडीच्या मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, भानगडीत माणसानं पडू नये. पुढचं काही बिघडलं तर निदान समोर दिसतं. मागचं बिघडलेलं आधी लोकांना दिसतं, मग आपल्याला. हे शहाणपण मला आता आलं आहे. एप्रिलमध्ये कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण तेव्हा अकरा माणसं मला अकरा गोष्टी सांगत होती आणि बारावी ऐकायला कान शिल्लक नव्हता.

गेल्या जूनमध्ये आमची पिकअप आपाला, म्हणजे माझ्या आईला, आणि तिच्या घराला घेऊन वरच्या तळ्याच्या कुरणावर निघाली आणि पोचली नाही. एवढीच हकीगत आहे. घर म्हणजे खरोखरच घर. आपाच्या लग्नात तिच्या बापानं दिलेलं, लाकडी जाळ्यांचं आणि जाड बुरणुसाचं, गोल. जूनमध्ये सोडायचं, बांधायचं, वर न्यायचं, गवतात उभं करायचं आणि सप्टेंबरपर्यंत त्यात राहायचं. साठ वर्षं हेच चाललंय. गेल्या वर्षी मात्र खिंडीच्या तिसऱ्या वळणावर गाडीच्या पार्श्वभागातून 'कट्ट' असा आवाज आला, आणि मी दोन तास गाडीखाली घालवल्यावर मागून माझ्या बायकोचा थोरला भाऊ ताश्तान त्याच्या जुन्या तीनटनी ट्रकसह आला. तो नेहमी मागूनच येतो. त्यानं घर उचललं, चूल उचलली, आपाला केबिनमध्ये बसवलं आणि मला म्हणाला, "जावईबापू, तुम्ही गाडीपाशी थांबा. कुणी चोरून नेली तर आनंदच आहे, पण तरी थांबा."

मग अख्खा उन्हाळा कुरणावर जो भेटेल तो आपाला विचारायचा, "काय सेइलकान आपा, यंदा ताश्ताननं आणलं वाटतं?" मी शेजारीच उभा असायचो. मी जिल्ह्याच्या आकडेवारी कार्यालयात वरिष्ठ कारकून आहे. या तालुक्यात किती मेंढ्या आहेत हे मेंढ्यांना माहीत नसेल, पण मला माहीत असतं. अशा माणसाच्या आईला दुसऱ्यानं आणावं आणि वर चारचौघांत त्याची चौकशी व्हावी, हे मनाला फार लागतं.

आपालाही लागलं असावं. एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागलं तेव्हा चहा पिता पिता ती म्हणाली, "एसेन, यंदा तू नेणार असशील तर मी जाईन. ताश्तानच्या ट्रकमध्ये मी बसायची नाही. नाहीतर इथेच दारात खाट टाकून उन्हाळा काढीन."

"आपा, इथे उन्हाळ्यात माशा असतात."

"असू देत. माशा मला कुणी आणलं ते विचारत नाहीत."

आपा एक्याऐंशी वर्षांची आहे. अजून किती उन्हाळे, याचा तक्ता कुठल्याच कार्यालयात नसतो. बारा जूनला सगळं गाव वर जातं. मी त्या एप्रिलच्या दिवशीच गाडी काढली आणि उस्ता झाकिपकडे गेलो.

उस्ता म्हणजे कारागीर, आणि झाकिप नारीनच्या वाटेवरच्या पुलाअलीकडे गाड्यांची कामं करतो. तो गंभीर माणूस आहे. गाडीखाली सरपटत गेला, बराच वेळ आत राहिला आणि आतूनच म्हणाला, "हे पाटे नाहीत."

"मग काय आहे?"

"आठवण आहे. पाटे होते कधीतरी." मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "नवे घालू. मजबूत. वजन किती न्यायचं?"

"एक घर."

"किलोमध्ये सांगा एसेनकुल बाइके," तो म्हणाला; बाइके म्हणजे दादा. " मी पाटे किलोवर बसवतो, घरांवर नाही."

मी आपाला फोन लावला. ती म्हणाली, "आपलं घर दोन बैलांचं आहे." पूर्वी घरं बैलांवर लादून न्यायचे, तेव्हाचं ते माप. मी म्हटलं, आपा, किलोमध्ये हवंय, बाजारातल्या काट्यावर एकदा घालून आणतो. त्यावर फोनमधून जे ऐकू आलं ते उस्तालाही ऐकू आलं, आणि तो आदबीनं चार पावलं लांब गेला. "ज्या घरात तू जन्मलास ते काट्यावर घालतोस? बटाटे आहेत का? मग मलाही घाल! माझ्यावरही भाव लिही!"

तेव्हा वजन करायचं नाही, हे ठरलं. राहिला प्रश्न, बैल किती ओझं नेतो. हे मला माहीत नव्हतं, याचं मला नवल वाटलं. आमच्या कार्यालयात बैलांची संख्या आहे, वय आहे, कातडीचा रंगसुद्धा आहे, पण पाठीवरचं ओझं नाही. मी वही घेऊन दुकानासमोरच्या बाकावर गेलो. तिथे दुपारनंतर गावातली सात म्हातारी माणसं बसलेली असतात, आणि मध्ये मंबेत आजोबा असतात, त्यांची दाढी सगळ्यात लांब म्हणून.

"बैल?" मंबेत आजोबा म्हणाले. "माझ्या बापाचा बैल पाचशे किलो घेऊन खिंड चढायचा. वर पोचला की मागे वळून बघायचा, आणखी काही राहिलं का म्हणून."

मी लिहून घेतलं. शेजारचे म्हातारबुवा खाकरले. "पाचशे? तो बैल तुझ्या बापानं आमच्याकडून घेतला होता. अशक्त निघाला म्हणून आम्ही काढला."

मग सहाशे झाले, साडेसहाशे झाले. सातव्यानं आठशे सांगितले आणि वर त्या बैलावर त्याची आजी बसायची असं सांगितलं. आजीचं वजन धरायचं का नाही, यावर पाऊण तास गेला. इतक्यात मंबेत आजोबांची बायको, बुरूल आजी, किटली घेऊन आली. तिनं चहा ओतता ओतता विचारलं कसला हिशेब चाललाय, आणि म्हणाली, "दोनशे. फार तर सव्वादोनशे. त्याहून जास्त घातलं की बसायचा."

"तुला काय कळतं त्यातलं?" मंबेत आजोबा म्हणाले.

"लादायची मीच की. तुम्ही पुढे घोड्यावर बसून गाणी म्हणत जायचात."

आता आकडेवारीचा एक नियम आहे. बाकी सगळ्यांपासून फार दूर पडणारा आकडा चुकीचा समजून वगळायचा असतो. मी बुरूल आजीचा आकडा वगळला. उरलेल्या सातांची सरासरी सहाशे चाळीस आली. गुणिले दोन, अधिक आपा, चूल, पेटी, पिठाचं पोतं. पंधराशे किलो. मी कागदावर दोनदा रेघ मारली आणि सही केली.

उस्तानं कागद वाचला. "पंधराशे? घर दगडाचं आहे?"

"लग्नातलं आहे," मी म्हटलं. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. कागदावर सही असली की आमच्याकडे माणसं विचारत नाहीत.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. उस्तानं भंगारातल्या एका मोठ्या ट्रकचे पाटे कापून, तापवून, वाकवून बसवले होते. एकेका बाजूला अकरा. गाडी मागून इतकी उचलली गेली होती की ती जमिनीवर काहीतरी पडलेलं शोधते आहे असं वाटत होतं. मागची फळी माझ्या छातीला लागली. "बसून बघा," उस्ता अभिमानानं म्हणाला.

मी बसलो. रस्त्यावर आलो. पहिला खड्डा लागला आणि माझं डोकं टपाला लागलं. दुसऱ्या खड्ड्यात शेजारी बसलेली आसिपा, माझी बायको, म्हणाली, "अहो, ज..." आणि तिनं जीभ चावली. ते वाक्य काय होतं हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही. घरी पोचेपर्यंत डॅशबोर्डचे दोन स्क्रू तिच्या मांडीवर जमले होते. आपानं ओट्यावरून गाडी बघितली आणि म्हणाली, "हिला लाथ मारायची आहे का कुणाला?"

मी परत उस्ताकडे. तो शांतपणे म्हणाला, "रिकामी आहे म्हणून. हे पंधराशेचे पाटे आहेत. पंधराशे टाका, लोण्यासारखी चालेल. तुमच्याच सहीचा कागद आहे."

इथून माझा जो गोंधळ सुरू झाला तो अजून पूर्ण उतरलेला नाही. गाडीत वजन नसावं म्हणून आपण जपतो की असावं म्हणून? आयुष्यात पहिल्यांदाच मी दहा पोती कोळसा गाडीत घालून शाळेत पालकसभेला गेलो, आणि गाडी खरोखरच जरा मवाळ झाली. पालकसभेत मुख्याध्यापकांनी कोळशाबद्दल माझे जाहीर आभार मानले आणि तो उतरवून घेतला. परत येताना आसिपा पायी आली.

त्यात लोक बघायला यायला लागले. नवी सून, नवं बाळ, नवी वस्तू पहिल्यांदा बघायची तर बघणाऱ्यानं काहीतरी भेट द्यायची आणि घरच्यांनी त्याला पोटभर खायला घालायचं, ही आमची रीत. सुनेचं बरं असतं, पदर जरा वर केला की झालं. पाटे बघायचे तर गाडीखाली झोपावं लागतं. आमच्या अंगणात चार दिवस माणसं पाठीवर झोपत होती, आतून "वा, वा" म्हणत होती, आणि बाहेर येऊन आसिपाच्या हातात रुमाल नाहीतर साखरेचा पुडा ठेवून तळलेल्या कणकेच्या बोरसोकांवर तुटून पडत होती. मंबेत आजोबांना झोपता येईना. मग गाडी पाण्याच्या चराच्या दोन काठांवर चाकं ठेवून उभी केली, आणि आजोबा गमबूट घालून पाण्यात उभे राहिले. वर बघून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि आशीर्वाद दिला, "या पाट्यांवरचं ओझं कधी सरू नये!" सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले. ताश्तानही आला होता. तो गाडीखालून बाहेरच येईना. शेवटी त्याचे पाय ओढले तेव्हा म्हणाला, "जावईबापू, खाली मस्त सावली आहे हो. उन्हाळ्यात आपाला कुरणावर नका नेऊ, इथेच ठेवा."

मी हसलो. असं हसताना गाल दुखतात.

आशीर्वाद लगेच फळला. दुसऱ्या दिवसापासून जो तो ओझं घेऊन दारात. "एसेनकुल, तुला वजन हवंय म्हणे? आमचं वासरू डॉक्टरकडे न्यायचंय." "बाइके, तुमचंच बरं व्हावं म्हणून विटा आणल्यात." उपकार माझ्यावर होते, म्हणून नाही म्हणता येत नव्हतं. एका आठवड्यात मी विटा, वासरू, एक पियानो आणि कुणाच्या तरी सासूबाई, असं सगळं वाहिलं. सासूबाईंचं वजन काही कामाला आलं नाही, त्या फार किडकिडीत होत्या.

पियानो घेऊन जाताना वाहतुकीच्या पोलिसानं अडवलं. त्यानं गाडीला एक फेरी मारली आणि पियानोबद्दल काहीच विचारलं नाही. "मागून उंच आहे," तो म्हणाला. "बांधणीत बदल. तपासणीचा कागद आणा, नाहीतर दहा जूनपासून नंबरप्लेट काढून घेईन." दहा जून! गाव बाराला निघणार.

तपासणीच्या कचेरीत एक बाई होत्या. त्यांनी दिवे लावायला सांगितले. दिवे त्यांच्या बुटांवर पडले. बाईंनी बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या गाडीला रस्ता बघायचा आहे की माझे बूट?"

"वजन टाकलं की वर बघते, बाई."

"काय वजन वाहता?"

"घर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, कायम वाहायचं ओझं असेल तर परवानगी मिळते. पण त्या ओझ्याच्या वजनाचा शिक्का असलेला कागद लागतो. अधिकृत काट्यावरचा."

अधिकृत काटा आमच्या भागात एकच, गुरांच्या बाजारातला. आणि घर काट्यावर घालायचं नाही असं आपानं सांगितलेलं. दोन रात्री मला झोप आली नाही. शेवटी मी आईशी खोटं बोललो. या वयात. म्हटलं, "आपा, बांधून बघतो, दोऱ्या पुरतात का ते." रविवारी सकाळी जाळ्या, वासे, बुरणूस, सगळं लादलं, कोपऱ्यावरून वळलो आणि थेट बाजारात.

काट्यावर एकच माणूस होता, माझ्या मागे तीसेक बैल रांगेत उभे होते आणि प्रत्येकाचा मालक ओरडत होता. त्यानं घर उतरवून काट्यावर ओढायला लावलं, काटा बघितला आणि पावतीपुस्तक उघडलं. "जात?"

"कसली?"

"जनावराची. पावतीत रकाना आहे. मोकळा ठेवला तर शिक्का बसत नाही."

"अहो, हे घर आहे."

"दिसतंय मला. मागे रांग बघा. गाय, बैल, घोडा, मेंढी. काय लिहू?"

मी घराकडे बघितलं. "बैल," मी म्हटलं.

"रंग?"

"करडा."

त्यानं शिक्का मारून पावती दिली. बैल, नर, करडा, चारशे बारा किलो.

मी तो आकडा तीनदा वाचला. चारशे बारा. दोन बैलांचे म्हणजे एकाचे दोनशे सहा. मी ज्यांना वगळलं त्या बुरूल आजी माझ्या डोळ्यांपुढे किटली घेऊन उभ्या राहिल्या. सात म्हाताऱ्यांच्या बढायांवर मी बावीस पाटे उभे केले होते.

कचेरीतल्या बाईंनी पावती वाचली. "बैल का?"

"रकाना होता."

"बरं. मग हा बैल जूनमध्ये कुरणावर जाणार ना? मग लस टोचल्याचा दाखला जोडा. त्याशिवाय जनावर वर सोडत नाहीत, आणि जनावर वर जाणार नसेल तर ओझं कायमचं कसं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. पण बाईंचं बोलणं इतकं सरळ होतं की त्यात माझं चुकतंय कुठे हे मलाच सापडेना. जनावरांचा डॉक्टर आसिपाचा मावसभाऊ. तो पोट धरून हसला, पण दाखला द्यायचा तर कानातला पिवळा बिल्ला खर्ची पडायला हवा, नाहीतर त्याची मोजदाद चुकते. मोजदाद चुकलेली मला बघवत नाही. त्यानं बिल्ला मला दिला. मी तो घराच्या दाराच्या चौकटीला एका खिळ्याला अडकवला, नंतर काढू म्हणून. परवानगी आठ जूनला मिळाली. आणि नऊ जूनला आपानं चौकट पुसायला घेतली.

मी कार्यालयातून आलो तर ती ओट्यावर बिल्ला हातात घेऊन बसली होती. "हे काय आहे?"

मी सांगितलं. सगळं. पावतीही दाखवली. आपा ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, आत गेली आणि बारा तारखेसाठी बांधलेलं आपलं गाठोडं सोडून कपडे परत फळीवर लावायला लागली. आसिपा मला खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, जा ना आत, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? घराला बैल तुम्ही केलंत."

दोन दिवस आपा माझ्याशी बोलली नाही. मी गाडीभोवती फिरत होतो. ज्या माणसासाठी हे सगळं मांडलं तोच येणार नाही, मग हे बावीस पाटे कुणासाठी? मला खरंच रडू येत होतं. अकरा जूनला दुपारी आपा गोठ्याकडून येताना माझ्याजवळ थांबली. इकडेतिकडे बघितलं.

"किती भरलं?"

"काय?"

"घर रे. किती भरलं?"

"चारशे बारा."

तिनं मंबेत आजोबांच्या अंगणाकडे बघितलं. "मंबेतकडचं किती असेल?"

"त्यांनी कधी तोललं नाही, आपा."

"कमीच असेल. त्यांचे वासे बारीक आहेत." मग पदरानं हात पुसत म्हणाली, "कुणी विचारलं तर सातशे सांग." आणि गाठोडं बांधायला आत गेली.

आता प्रश्न राहिला मऊपणाचा. चारशे बारावर ही गाडी एक्याऐंशी वर्षांच्या बाईला खिंडीवरून नेणार म्हणजे तिचे उरलेसुरले दात वाटेत सांडणार. आणखी हजार किलो हवे होते. आणि मजा बघा, आयुष्यात कधी नव्हे ते मला ओझी हवी होती तर त्या दिवशी कुणीच देईना! सगळ्यांचं सगळं आपापल्या गाड्यांत बांधून तयार. मी दारोदार फिरलो. "मंबेत आजोबा, तुमची लोखंडी चूल द्या ना. बुरूल आजी, गालिचे द्या, पीठ द्या." बुरूल आजीनं विचारलं, "एसेन, तुला हवंय तरी किती?" मी म्हटलं, "आजी, तुमचा आकडा बरोबर होता." ती म्हणाली, "माहीत आहे," आणि पिठाची चार पोती काढून दिली.

बारा जूनला सकाळी गाडीत आमचं घर, तीन चुली, नऊ पोती, दुधाचे कॅन, एक शिवणयंत्र, बांधलेल्या दोन मेंढ्या आणि सगळ्यात वर बुरणुसाच्या घड्यांवर आपा बसली. पुढच्या सीटवर बसायला तिनं साफ नकार दिला. "वरून दिसतं," एवढंच म्हणाली. आणि काय सांगू, गाडी चालली! लोण्यासारखी. खिंडीचं तिसरं वळण कधी आलं आणि कधी गेलं ते मला कळलंसुद्धा नाही. मागे ताश्तानचा ट्रक धडधडत येत होता. मी आरशात बघत होतो आणि त्याचं तोंड दिसत नव्हतं, याचंच काय ते वाईट वाटत होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. दुसऱ्यांची ओझी दुसऱ्यांच्या जागी उतरवावी लागतात. आणि मी वयानं लहान, म्हणजे आधी वडीलधाऱ्यांची. कुरणाच्या तोंडाशी पहिली चूल उतरली. तिथे वाडगाभर किमीज प्यावं लागलं. घोडीच्या या आंबवलेल्या दुधाला नाही म्हणता येत नाही. तिथून गाडी जरा ताठ चालली. दुसऱ्या ठिकाणी पोती उतरली, आणखी वाडगा, आणखी ताठ. मेंढ्या उतरल्यावर स्टिअरिंग हातात नाचायला लागलं. मंबेत आजोबांची चूल आणि बुरूल आजीचं पीठ उतरलं, आणि तळ्याकाठचा शेवटचा शंभर पावलांचा पट्टा, जिथे सगळं कुरण बाहेर येऊन बघत असतं, तो आम्ही अक्षरशः उड्या मारत पार केला. पोटात पाच वाडगे किमीज. मागून आपाचा आवाज येत होता, पण शब्द तुटत होते. त्यातला एक माझं नाव होता.

आमच्या जागेवर गाडी थांबवली. माणसं धावत आली, कुणी आपाला हाताला धरून बाजूला सरकवलं, आणि भराभर सगळं उतरवायला घेतलं. जाळ्या गेल्या, वासे गेले, पेटी गेली, शेवटी आपाच्या खालच्या घड्याही ओढून काढल्या. एकेक वस्तू उतरत होती आणि गाडी एकेक इंच वर चढत होती. मी वळून बघतो तर रिकाम्या गाडीच्या कडेला आपा एकटी उभी, फळी धरून, आभाळाला टेकल्यासारखी. तिला उतरता येईना.

ताश्तान पुढे झाला. झालाच. ट्रकमधून शिडी काढत म्हणाला, "आपा, घाबरू नका, हा मी आलो. जावईबापूंनी तुम्हाला टांगूनच ठेवलं की!" सगळे हसले. मला वाटलं जमीन फाटावी, पण जमीन फाटली असती तर गाडी आणखी वर गेली असती.

"शिडी ठेव," आपा वरून म्हणाली. "ज्यानं आणलं तो उतरवेल."

मी फळीला पाठ लावून उभा राहिलो. तिनं हात माझ्या गळ्यात टाकले आणि पाठीवर आली. अगदी हलकी. इतकी हलकी असेल हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्यावर मला पुढे पाऊल टाकवेना. आमची जागा दहा पावलांवर होती, बायकांनी गालिचा अंथरला होता. मी तिकडे वळलो.

"इतक्यात नको ठेवूस," ती माझ्या कानाशी म्हणाली. "मंबेतच्या दारावरून ने."

"आपा, दमशील."

"मी कशाला दमेन? चालतोयस तू." मग जरा थांबून म्हणाली, "मागच्या वर्षी तू दोन तास गाडीखाली होतास. मी रस्त्यात उभी होते. जो जायचा तो वाकून पाटा बघायचा. मी थकलेय का, हे कुणी विचारलं नाही. तूही नाहीस."

"म्हणून तर पाटे बदलले ना, आपा! तुझ्यासाठी!"

"मी कुठे पाटे मागितले होते?" ती म्हणाली. "गाडीनं काय, कुणीही आणतं. मी 'तू ने' म्हटलं होतं."

मी मंबेत आजोबांच्या दारावरून गेलो. आजोबांनी दाढीवरून हात फिरवला, बुरूल आजी किटली खाली ठेवून उभी राहिली. "कुणी आणलं गं सेइलकान?" आजीनं विचारलं. "हा काय," आपा म्हणाली, आणि मला टाच मारली. मग ताश्तानच्या ट्रकसमोरून गेलो, मग तळ्यापर्यंत. तिथून परत फिरलो, गालिच्यापाशी आलो, आसिपानं हात पुढे केले. मी थांबलो नाही. आपा काहीच म्हणाली नव्हती, तरी मी आणखी एक फेरी घेतली.